नकाशाचं माप

चिरंजीव भाचीस,

तुझा कोड काल रात्री वाचला. वेबपानावर नकाशे दाखवणाऱ्या लीफलेटवर बांधलेल्या तुझ्या छोट्या लायब्ररीत आजवर नकाशा ठरलेल्या 800 बाय 600 पिक्सेलमध्येच निघायचा. आता रुंदी-उंची वापरणाऱ्याने ठरवावी, असं तू म्हणतेस. विचार योग्यच आहे. पण दोन पॅरामीटर वाढवले की काम झालं, असं तू धरून चालली आहेस, म्हणून हे पत्र.

मी एकदा जिल्हावार पावसाचा नकाशा असाच पक्क्या मापाचा करून दिला होता. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर तो देखणा दिसायचा. ज्यांच्यासाठी केला त्यांनी तो मोबाइलवर उघडला, तर गोंदिया आणि गडचिरोली पडद्याबाहेर. ते मला अजून टोचतं.

आपल्या राज्याचंच गणित करून बघ. पालघरच्या किनाऱ्यापासून गडचिरोलीच्या टोकापर्यंत साधारण सव्वाआठ रेखांश. शून्य झूमला अख्खं जग 256 पिक्सेलच्या एका टाइलमध्ये बसतं आणि दर पायरीला माप दुप्पट होतं. म्हणजे सहाव्या झूमला महाराष्ट्र सुमारे 375 पिक्सेल रुंद होतो. हातातला मोबाइल 360 रुंदीचा असेल तर महाराष्ट्र त्यात थोडक्यासाठी बसत नाही. मग प्रदेश चौकटीत बसवणारं लीफलेटचं फिटबाउंड्स पाचव्या झूमला उतरतं आणि राज्य 188 पिक्सेलचं होऊन अर्ध्या पडद्यात आक्रसतं. लीफलेट मुळात पूर्ण आकड्याच्याच झूमवर थांबतं, म्हणून हे होतं. झूमची पायरी ठरवणारा झूमस्नॅप पाव केलास तर 5.75 वर राज्य सुमारे 316 पिक्सेल भरतं आणि पडदा नीट वापरला जातो. तू मात्र झूम 7 कोडमध्येच लिहून ठेवला आहेस. मध्यबिंदू आणि झूम मागू नकोस. कोणता प्रदेश दाखवायचा ते माग, आणि झूम मापावरून काढ.

उंचीकडे विशेष लक्ष दे. रुंदीला 100 टक्के बहुधा निभावतं, उंचीला नाही. टक्क्यातली उंची बाहेरच्या चौकटीवरून मोजली जाते. त्या चौकटीला स्वतःची उंची दिलेली नसेल, तर टक्केवारी धरलीच जात नाही आणि नकाशाचा कंटेनर शून्य उंचीचा होतो. एरर येत नाही, पान नुसतं कोरं दिसतं. नवखा माणूस अशा वेळी दिवस घालवतो आणि स्वतःला दोष देतो. म्हणून किमान उंची तूच दे, किंवा रुंदीशी उंचीचं गुणोत्तर घे.

नुसता आकडा आला तर पिक्सेल समज, एकक लावलेली स्ट्रिंग आली तर तशीच पुढे जाऊ दे. शून्य किंवा उणे माप आलं तर गप्प राहू नकोस, काय चुकलं ते सरळ वाक्यात सांग. काहीच दिलं नाही तर जुनंच 800 बाय 600 राहू दे; ज्यांचे अहवाल आज नीट छापले जातात त्यांचं काही बिघडायला नको.

आणखी एक. नकाशा झाकलेल्या टॅबमध्ये उघडला किंवा मोबाइल आडवा केला, की कंटेनरचं माप बदलतं. लीफलेटला मात्र ते प्रत्येक वेळी आपणहून कळत नाही. अर्ध्या टाइल्स येतात, बाकी राखाडी. माप बदलल्याचं कळवणारा रिसाइझऑब्झर्व्हर लाव, माप बदललं की लीफलेटला नवं माप घ्यायला लावणारं इनव्हॅलिडेटसाइझ बोलव आणि मग प्रदेश पुन्हा बसव. वापरणाऱ्याने मधे स्वतः झूम केलं असेल, तर मात्र त्याचा झूम मोडू नकोस.

एसव्हीजी काढताना चौकट भरावी म्हणून नकाशा ताणण्याचा जो पर्याय तू ठेवला आहेस, तो काढून टाक. चौकटीच्या कडेला रिकामी जागा राहिली तर राहू दे. ताणलेल्या नकाशावर नागपूर ते पुणे आणि नागपूर ते जळगाव या अंतरांचा मेळ राहत नाही, आणि बघणारा माणूस तो नकाशा खरा मानतो.

नवी आवृत्ती सोडण्याआधी एक साधा मोबाइल घे, उभा धर, आणि गडचिरोली पूर्ण दिसते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तुझा,
मामा