मदत मागणे ही लाचारी आहे काय?



एखाद्या घरात मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस असतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, त्याचे रक्त यंत्रावर शुद्ध करून घ्यावे लागते. डॉक्टरांनी मूत्रपिंड बदलायचा सल्ला दिलेला असतो. आई किंवा पत्नी आपले एक मूत्रपिंड द्यायला तयार असते. (देणारी बहुधा बाईच का असते, याचाही कधीतरी विचार व्हावा.) सारे अडते ते पैशापाशी. आणि तरीही घरचा कर्ता म्हणतो, "आम्ही कोणापुढे हात पसरणार नाही."

या बोलण्याला हसू नका. आपल्या आजा-पणज्यांनी गावकीची कामे केली आणि त्याबदली दारोदार फिरून भाकर मागितली. १९२७ साली महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी ती भाकर सोडली, त्यांच्या नातवंडांना हात पसरणे जड जाणारच. परंतु हा बाणा घरातल्या माणसाच्या जिवावर उठत असेल, तर मागणे आणि भीक मागणे यांतला फरक नीट पाहिला पाहिजे.

१४ एप्रिल जवळ आला की तुम्हीच पावतीपुस्तक घेऊन घरोघर जाता. तेव्हा तुम्हाला लाज वाटते काय? देणारा तरी उपकार केल्यासारखा देतो काय? भाकर मागणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे. किती द्यायचे, शिळे द्यायचे की ताजे, हे वाढणारा ठरवी. वर्गणीला पावती असते, हिशेब असतो, आणि पाच रुपये देणाऱ्यालाही तो हिशेब विचारायचा अधिकार असतो. त्या जुन्या मागण्यात जी लाचारी होती ती उंबऱ्याची होती, असे माझे मत आहे. जयंतीसाठी चालणारे पावतीपुस्तक माणूस जगवण्यासाठी का चालू नये?

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. तो पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता. तथागतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोण करतो? कोणी नाही, तो म्हणाला, कारण मी कोणाच्या उपयोगी पडत नाही. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग संघाला जमवून जाब विचारला. तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? लक्षात घ्या, आजाऱ्याने काही मागितले नव्हते. मागण्याची वाट पाहत बसले, त्यांनाच प्रश्न विचारला गेला.

म्हणून रुग्णाने किंवा त्याच्या बायकोने दारोदार फिरू नये. शेजाऱ्यांनी, विहारातल्या चार जाणत्या माणसांनी ते काम अंगावर घ्यावे. आजकाल नळ्या लावलेल्या माणसाचा केविलवाणा फोटो मोबाइलवरून गावभर फिरवतात. त्याला विचारल्याशिवाय हे मुळीच करू नये. उद्या बरा होऊन त्याला याच लोकांत वावरायचे आहे. डॉक्टरांचे खर्चाचे पत्र दाखवले की पुरे.

आधी आपला हक्क वसूल करा, मग वर्गणी. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. हे मागताना मान खाली घालायचे कारण नाही. यासाठी दाखले, रेशनकार्ड, अर्ज लागतात. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी निदान एवढी धावपळ करावी. पदवीचा दुसरा उपयोग काय?

तरीही बराच खर्च उरतो. जुळणीच्या तपासण्या, शहरात राहणे-खाणे, रुग्णाचा आणि दात्याचा बुडालेला रोजगार, हे सारे घराच्या माथी येते. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते चालेल तोवर रोज गोळ्या घ्याव्या लागतात. पैशाअभावी त्या चुकल्या तर आईने दिलेले मूत्रपिंडही जाते. तेव्हा एकदाच मोठी रक्कम उभी करून हात झटकण्यापेक्षा वीस घरांनी दरमहा थोडे थोडे देणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

घरात दाता जुळला नाही की कोणी दलाल गाठतो. "पैसे जमलेत ना, मग विकत घ्या." १९९४ च्या कायद्याने मूत्रपिंड विकणे आणि विकत घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. पण कायदा बाजूला ठेवा. मूत्रपिंड विकणारा कोण असतो? कर्जात बुडालेला मजूर. म्हणजे आपलाच माणूस. एकाच्या वर्गणीने दुसऱ्याचे पोट फाडायचे काय? त्यापेक्षा मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी रुग्णालयामार्फत प्रतीक्षायादीत नाव नोंदवा आणि तोवर यंत्रावरच्या उपचाराचा खर्च चालवा.

जमलेले पैसे शक्य तो थेट रुग्णालयात भरा. हिशेब महिन्यातून एकदा विहारात वाचून दाखवा. त्यातला एक पैसाही नवस-अंगाऱ्यावर जाऊ देऊ नका, नातेवाइकांनी कितीही आग्रह धरला तरी. रुग्ण दगावला तर उरलेल्या पैशाचे काय करायचे, हा कडू प्रश्न पहिली पावती फाडण्याआधीच सर्वांसमक्ष सोडवून ठेवा. आणि शस्त्रक्रिया पार पडली, माणूस चालू-फिरू लागला, म्हणून पावतीपुस्तक लगेच मिटू नका. पहिल्या वर्षात औषधे आणि तपासण्या सर्वांत जास्त लागतात.