अल्बमची सरासरी काढू नये

पुण्यात गाणं ऐकायला शिकणारा माणूस निवाडा करायलाही आपसूक शिकतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवातून बाहेर पडता पडता ‘आज मारवा जमला नाही’, ‘द्रुत बंदिशीत खरा रंग भरला’ अशी मतं चहाबरोबर दिली-घेतली जातात. या चोखंदळपणाचं मला मनापासून कौतुक आहे. पण हाच काटा ध्वनिमुद्रित अल्बमला लावला की काही मोलाच्या गोष्टी हातून निसटतात. तबला आणि ड्रम वाजवणाऱ्या त्रिलोक गुर्टू यांचा 1988 सालचा ‘उस्फ्रेत’ हा अल्बम त्यांपैकी एक.

गुर्टू म्हटलं की आपल्याला आधी आठवतात त्या शोभा गुर्टू. 1925 साली बेळगावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या मेनकाबाई शिरोडकर यांच्या कन्या आणि ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. त्रिलोक त्यांचे चिरंजीव. मुंबईत वाढताना त्यांचा हात तबल्यावर बसला आणि कान अमेरिकी रेकॉर्डवर जडला. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं संगीत ऐकताना, एकाच ध्वनिमुद्रणावर वेगवेगळ्या वेळी वाजवलेले थर चढवता येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यामुळे दुसरा कुणी ज्याच्या वाटेला गेला नसता असं सगळं ते एकट्याने वाजवायला शिकले. हातात तबला आणि डोक्यात हे अशक्य गणित, अशी त्यांची घडण झाली.

‘उस्फ्रेत’ समजून घ्यायला आधी फंककडे जावं लागतं. फंक या संगीताचा गाभा पहिल्या मात्रेत आहे. अमेरिकी गायक जेम्स ब्राउन यांनी साठच्या दशकात सगळ्या बँडचं वजन त्या मात्रेवर आणलं आणि फंक आकाराला आलं. तबलजीला हे परकं कसं वाटेल? तो जन्मभर समेवर येण्यासाठीच वाजवतो. फरक असा की आपल्याकडे सम वाट पाहायला लावते आणि फंकमध्ये ती चार मात्रांनी परत येते, म्हणून तिच्यावर ठाण मांडावं लागतं. ठुमरी तर या दोन्ही गोष्टी करते. गायिका शब्दाशी रेंगाळते, मात्रेच्या मागे राहते, आणि शेवटी तबला लग्गी धरतो तेव्हा सगळी मैफल डोलू लागते.

‘उस्फ्रेत’मधल्या ‘शोभारॉक’ या रचनेचं बळ इथे आहे. आईचा ठुमरीत मुरलेला आवाज आणि लेकाचा ठेका समोरासमोर येतात आणि कुणीही कुणाची पाहुण्यासारखी सरबराई करत नाही. लग्गीची जुनी ओढ इथे नव्या वाद्यांतून येते. त्रिलोक मांडी घालून किंवा गुडघे टेकून जमिनीवर वाजवतात, तबला आणि ड्रमचं साहित्य शेजारी शेजारी ठेवतात. घणघणणारं धातूचं वाद्य ते पाण्याच्या बादलीत बुडवतात, तेव्हा त्याचा सूर खाली घसरतो आणि आघाताच्या वाद्यातून चक्क मींड निघते.

आता दोष. अल्बम सलग एका उंचीवर राहत नाही. डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर, योनास हेलबोर्ग अशी मातब्बर वादक मंडळी जमली आहेत, पण प्रत्येकाची वळणं वेगळी, आणि काही रचनांत ती एकमेकांना भेटत नाहीत, नुसती शेजारी बसतात. काही ठिकाणी की-बोर्डचा गुळगुळीतपणा त्या दशकाची मोहोर घेऊन येतो. हे झाकण्यात अर्थ नाही.

आपली गुरुपरंपरा यावर म्हणेल: पिकल्याशिवाय पुढे ठेवू नये. रागाच्या बाबतीत मला हे शंभर टक्के मान्य आहे, कारण राग आधीच उभा आहे आणि गायक त्यात प्रवेश करतो. पण ज्या संगीताला अजून घरच नाही, ते कुठे पिकणार? बँडसाठी स्टुडिओ हाच रियाजाची खोली आणि मैफलीचा मंच असतो. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या गाजलेल्या फंक-सोल बँडचा 1971 चा ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ आठवावा. टेपवर पुन्हा पुन्हा मुद्रण केल्याने आवाज गढूळ झालेला, काही गाण्यांत ड्रमरऐवजी यंत्राचा ठेका, कुठे गाणं अर्धवट विरल्यासारखं. त्या गढूळपणातूनच पुढच्या फंकने स्वतःचा काळोखा रंग घेतला. नीटनेटकेपणाचे गुण देणाऱ्याने तो अल्बम नापास केला असता.

हल्ली फोनवर आवडलेलं एक गाणं उचलून बाकीचं पुढे ढकलायची सोय आहे. चोखंदळ रसिक आणि हा घाईतला श्रोता एकमेकांना नावं ठेवतात, पण ‘उस्फ्रेत’ला दोघेही सारखाच न्याय देतात. एक कमकुवत रचनांमुळे अल्बम बाजूला ठेवतो, दुसरा त्या ऐकतच नाही. फसलेल्या रचना ऐकल्या तरच कळतं की ‘शोभारॉक’ची भेट सहज घडलेली नाही. थोर वादक एकत्र बसले म्हणजे संगीत आपोआप जुळत नाही, याचा पुरावा त्याच अल्बममध्ये आहे.

म्हणून अल्बमची सरासरी काढू नये. समीक्षेने दोन गोष्टी स्वतंत्र लिहाव्यात: काय फसलं आणि काय पहिल्यांदाच घडलं. पुण्याच्या रसिकाला पहिली गोष्ट उत्तम जमते. दुसरीसाठी वेगळं धैर्य लागतं, कारण नव्या गोष्टीला जुना दाखला नसतो आणि मत स्वतःच्या कानाच्या जबाबदारीवर द्यावं लागतं. ती जबाबदारी घेणारा श्रोता नसेल, तर तयार गाणं तेवढं टिकेल आणि घडू पाहणारं गाणं कुणी आपल्यापुढे ठेवणार नाही.