अमानत आणि साक्ष

रुग्णवाहिकेत माणूस दगावला की दोन प्रश्न उभे राहतात. घरचे विचारतात, काय झाले? सोबतचा डॉक्टर स्वतःला विचारतो, मी वेगळे काही करायला हवे होते का? पहिल्या प्रश्नावर घरच्यांचा हक्क आहे. दुसऱ्याचे खरे उत्तर कोठे आणि कोणासमोर द्यायचे?

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. चालकाबरोबर डॉक्टर ठेवण्याची पद्धत आली. खंबाटकी घाटातला अपघात, पाटणच्या डोंगरातली अडलेली बाळंतीण, जतहून मिरजेकडे निघालेला हृदयरोगी. तेथे त्या डॉक्टरचा हात धरायला दुसरा कोणी नसतो. म्हणून नंतर सहकाऱ्यांनी एकत्र बसून प्रत्येक कठीण प्रसंग तपासणे गरजेचे ठरते. प्राणवायू कधी लावला, रुग्णालय कोणते निवडले, वेळ कोठे गेला? चूक सापडली तर पुढचा जीव वाचतो.

पण तेथे उच्चारलेला शब्द उद्या कोर्टात उभा राहणार असेल तर कोण बोलेल? अमेरिकेने २००५ साली कायदा करून अशा चर्चेला संरक्षण दिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले की, डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला भरण्यापूर्वी तज्ज्ञाचे स्वतंत्र मत घ्यावे. रस्त्यावर जखमीला मदत करणाऱ्यालाही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने अभय मिळाले. मातामृत्यूंची चौकशी दोष देण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी करावी असे सरकारी मार्गदर्शन आहे. परंतु मार्गदर्शन म्हणजे कायदा नव्हे. सहकाऱ्यांच्या बंद खोलीतल्या बोलण्याला अशी ढाल नाही.

ती असावी का? आपल्या परंपरेत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. बैठकीतले बोलणे अमानत असते, असे हदीस सांगते. पण त्याच हदीसमध्ये अपवादही आहेत: नाहक रक्त सांडणे, अब्रूवर हात टाकणे, कोणाचा माल हडपणे. अशा बेतांवर अमानतीचा पडदा टाकता येत नाही. दुसरीकडे कुरआन स्वतःच्या, आईबापांच्या विरुद्धही न्यायाची साक्ष द्यायला बजावते. आणि बाराव्या शतकातील शैझरी यांच्या हिसबा-ग्रंथात तर वैद्याने उपचाराचा कागद रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती द्यावा असे आहे. रुग्ण दगावला तर तो कागद जाणत्या हकीमासमोर ठेवायचा. वैद्याची कसूर दिसली तर दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, त्याच्याकडून घ्यायची.

शैझरींनी नातेवाइकांच्या हाती दिला तो कागद. वैद्यांची आपसातली चर्चा त्यांनी मागितली नाही. माझ्या मते आजचा मार्गही येथेच सापडतो. काय घडले ही नोंद घरच्यांची आहे: वेळ, औषध, नाडी, रुग्णवाहिका पोचल्याचा क्षण. ती मागताच मिळाली पाहिजे, आणि कोर्टालाही. त्यावर सहकाऱ्यांनी आपसात काय बोलून दाखवले, कोणी कबूल केले की मी घाबरलो होतो, ती अमानत. ती शिक्षेसाठी वापरू नये. मात्र नोंद खोटी लिहिली, नशेत ड्युटी केली किंवा पैशासाठी रुग्ण दूरच्या दवाखान्यात नेला, तर ती चूक नव्हे, गुन्हा आहे. त्याला कसलीच ढाल नको.

कोणी म्हणेल, बंद दाराआड डॉक्टर एकमेकांना सांभाळून घेतील. ही भीती खोटी नाही. म्हणून अशा समितीत बाहेरचा एक जाणकार हवा, आणि काय शिकलो, काय बदलले हे नाव न घेता जाहीर व्हायला हवे. सुधारणा न दाखवणाऱ्या समितीने अमानतीचा दावा करू नये.

आपण शिक्षेची भाषा लवकर बोलतो. दवाखान्यासमोर जमलेल्या गर्दीचा संताप मी समजू शकतो. ज्याचे माणूस गेले त्याला कायद्याचे बारकावे सांगणे क्रूरपणा आहे. पण भीतीने मिटलेले तोंड त्या घराला न्याय देत नाही, आणि पुढच्या रात्री त्याच घाटातून निघालेल्या दुसऱ्या घराचे तर नुकसानच करते.