दोष मुलाचा की परिस्थितीचा?



बारा-तेरा वर्षांचा मुलगा उलट बोलू लागला, शाळा बुडवू लागला, हाणामाऱ्या करू लागला, की आपल्या तोंडी ठरलेले वाक्य येते : ‘संस्कार कमी पडले.’ आणि लगेच दुसरे उदाहरणही पुढे केले जाते. ‘तो शेजारचा बघा, बाप दारुडा, घरात खायची मारामार, तरी पोरगा फर्स्ट क्लासमध्ये पास झाला!’ म्हणजे परिस्थिती ही निव्वळ सबब, खोट मुलातच. हा निवाडा न्याय्य आहे का?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ९, ११ आणि १३ वर्षांच्या १,४२० मुलामुलींच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास सुरू केला. त्यांतील सुमारे पाव मुले चेरोकी या आदिवासी जमातीची होती. गरीब घरांतील मुलांत त्रास अधिक दिसला, यात नवल नाही. पण गरिबीमुळे मूल बिघडते, की मुळात बिनसलेले घरच गरीब होते? पंडितांचा हा जुना वाद.

अभ्यास चालू असतानाच जमातीच्या जमिनीवर कॅसिनो उभा राहिला. १९९६ पासून नफ्याचा वाटा जमातीतील प्रत्येकाला दर सहा महिन्यांनी मिळू लागला. २००१ पर्यंत तो वर्षाला माणशी सुमारे ६,००० डॉलरवर गेला. (मुलांचा वाटा ती १८ वर्षांची होईपर्यंत राखून ठेवला जाई.) कोणी अधिक कष्टाळू वा सज्जन होता म्हणून नव्हे, जमातीचा होता एवढ्यावरच. काही घरे गरिबीतून वर आली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या घरांतील मुलांचा उद्दामपणा आणि बेशिस्त चार वर्षांत इतकी उतरली, की कधीच गरीब नसलेल्या मुलांत आणि त्यांच्यात फरक उरला नाही. गरीबच राहिलेल्या घरांत मात्र हे प्रमाण चढेच राहिले.

मुले तीच. मग बदलले काय? संशोधकांना ठळकपणे दिसले ते एवढेच, की आईवडिलांना मुलांवर लक्ष ठेवायला वेळ मिळू लागला होता. पहाटेची लोकल पकडून रात्री नऊला घरी परतणाऱ्या आईला ‘मुलाकडे जरा लक्ष द्या’ असे आपण सहज सांगतो. कोणत्या तासाला द्यायचे, हे सांगत नाही.

एक गोष्ट मात्र लपवू नये. चिंता आणि खिन्नता पैशाने हलली नाही. काही दुःखांची मुळे दुसरीकडे असतात.

आता तो शेजारचा मुलगा. हवाईतील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील भांडणे, पालकांचे व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले नीट मार्गी लागली. काहींचा स्वभाव जन्मतः गोड होता, हे खरे. पण त्यांना आधार देणारे कोणीतरी कायमचे माणूसही होते : आजी, मावशी, शिक्षक, शेजारीण. काहींना ते चर्चमधल्या मंडळींत सापडले. म्हणजे ज्या चिवटपणाचे आपण कौतुक करतो, तो त्या मुलाने एकट्याने कमावलेला नसतो. मग ज्याला असे माणूस भेटलेच नाही, त्याला त्याच मापाने कसे मोजावे?

तेरा वर्षांच्या मुलाला चोरी वाईट हे कळते. त्याची जबाबदारी पुसून टाका, असे मी म्हणणार नाही. तोही त्याचा अपमानच. पण जबाबदारीत वाटेकरी असतात आणि मोठी माणसे आपला वाटा फार लवकर विसरतात.

या कथेत आणखी एक काटा आहे. तो पैसा जुगाराचा होता. एका आईला मिळालेली संध्याकाळची मोकळीक दुसऱ्या कोणीतरी टेबलावर हरलेल्या पगारातून आली. त्याच्याही घरी एखादे तेरा वर्षांचे मूल असेल. त्या मुलांची मोजणी या अभ्यासात नाही.