मान्यतेआधीची दवंडी





आज एका क्रिकेट संघाच्या विक्रीविषयी लिहीत आहे. चर्चच्या पत्रकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटणे साहजिक आहे. परंतु या विक्रीतून जो प्रश्न उभा राहतो तो आठव्या आज्ञेचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या घराघरांत वेगवेगळ्या रूपाने येत असतो.

आपल्यातील तरुणांना हैदराबादचा ‘डेक्कन चार्जर्स’ हा संघ आठवत असेल. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा डेक्कन क्रॉनिकल या वृत्तपत्र कंपनीने हा संघ १० कोटी ७० लाख डॉलरला घेतला. पहिल्या वर्षी तो तळाला राहिला आणि दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत झालेल्या स्पर्धेत विजेता ठरला. २०१० साली तेलंगणा आंदोलनामुळे हैदराबादला सामने होऊ शकले नाहीत, तेव्हा त्याचे काही ‘घरचे’ सामने आपल्या नागपूरजवळ जामठ्याला झाले.

पुढे मालक कंपनी कर्जात बुडाली. खेळाडूंचे मानधन थकले. सप्टेंबर २०१२ मध्ये संघ विकायला काढला, तेव्हा एकच बोली आली आणि ती मालकांनी नाकारली. लगेच क्रिकेट मंडळाने, म्हणजे बीसीसीआयने, संघाचा करार रद्द केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. करार वाचवायचा असेल तर १०० कोटी रुपयांची बँक हमी द्या, असे कंपनीला सांगण्यात आले. ती मुदत संपण्याच्या तोंडावर, ऑक्टोबर २०१२ मध्ये, कंपनीने जाहीर केले की संघ मुंबईच्या कमला लँडमार्क या बांधकाम व्यवसायातील समूहाला विकला आहे. क्रिकेट मंडळाची मान्यता त्या वेळी मिळालेली नव्हती. पुढे हमीही वेळेत भरली गेली नाही आणि विक्री बारगळली. त्याच महिन्यात मंडळाने हैदराबादच्या संघाचे हक्क नव्याने काढले, ते सन टीव्हीने वर्षाला ८५ कोटी ५ लाख रुपयांना घेतले. तोच आजचा ‘सनरायझर्स’. जुना करार रद्द करणे योग्य होते की नाही, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. २०२० मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्या वादात आपल्याला पडायचे नाही. आपला प्रश्न लहान आहे. ज्या व्यवहाराला तिसऱ्याची मान्यता लागते, तो मान्यतेआधी ‘झाला’ म्हणून जाहीर करणे, यात काही चूक आहे काय?

पहिले उत्तर असे येईल: यात खोटे कोठे आहे? विकणारा विकायला तयार होता, घेणारा घ्यायला तयार होता. दोघांनी ठरवले, ते सांगितले. खोटे बोलणे म्हणजे मनात एक आणि ओठावर दुसरे. येथे तर जे मनात होते तेच ओठावर आले.

हे उत्तर अर्धे खरे आहे. ‘आम्ही ठरवले आहे’ हे वाक्य माझ्या मनाविषयी आहे. ‘विकले आहे’ हे वाक्य जगाविषयी आहे. माझ्या मनाचा धनी मी आहे, म्हणून पहिले वाक्य मी खात्रीने बोलू शकतो. दुसऱ्या वाक्याचा मी एकटा धनी नाही. ऐकणारा मात्र दुसरे वाक्य ऐकतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि त्यावर आपले पुढचे पाऊल टाकतो.

येथे आणखी खोलात जायला हवे. संघाचा मालक नेमका कशाचा मालक असतो? बैल विकावा तसा क्रिकेट संघ विकता येत नाही. बैल एकट्याने नांगराला जुंपता येतो, पण एकटा संघ सामना खेळू शकत नाही. समोर दुसरा संघ लागतो, पंच लागतात, सर्वांना मान्य असलेले नियम लागतात. म्हणजे मालकाच्या हातात जे असते ते मुळात एका मंडळीतले सदस्यत्व असते. म्हणून इतरांची मान्यता ही बाहेरून घातलेली आडकाठी नव्हे. जी वस्तू विकली जाते, तिच्यातच ती मान्यता सामावलेली आहे. ती वगळून ‘विकले’ म्हणणे म्हणजे जे आपल्या हातात नाही तेही देऊ करणे होय.

आपल्या फुलचूर-गोंदियाकडे हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेले असले की त्या जमिनीच्या विक्रीला परवानगी लागते हे धानाची शेती करणाऱ्याला ठाऊक असते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ही अट दुबळ्याची जमीन त्याच्या हातून सहज निघून जाऊ नये म्हणून घातलेली आहे. तरीही परवानगीआधीच ‘सौदा झाला’ म्हणून गावभर सांगितले जाते, इसार घेतला जातो, तो पैसा खर्चही होतो. परवानगी नाकारली गेली की घेणारा म्हणतो, माझे पैसे कोठे आहेत? विकणारा म्हणतो, मी खोटे बोललो नाही, साहेबांनी अडवले. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि तरी कोणाचे तरी घर बसते.

संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात नवसाविषयी लिहिताना याच गाठीला हात घातला आहे. नवस म्हणजे देवाला दिलेले वचन. जे माझ्या अधिकारात आहे त्याचेच वचन मी पक्केपणाने देऊ शकतो. जे दुसऱ्याच्या अधिकारात आहे, त्याविषयीचे माझे वचन त्याच्या संमतीवाचून पक्के होत नाही. अशा वचनात ‘वरिष्ठांची हरकत नसेल तर’ ही अट मुळातच धरलेली असते, असे ते म्हणतात. देवाला ही अट सांगावी लागत नाही, कारण तो सर्व जाणतो. माणसांना मात्र ती सांगावी लागते. आपण मनात धरलेली अट शेजाऱ्याला कळत नाही.

मग सर्व काही गुपचूप करावे काय? नाही. गुपचूपपणातही अन्याय असतो. संघ विकला जाणार असेल तर त्यातील खेळाडू, नोकरदार आणि चाहते यांना ते कळायला हवे. ज्या कंपन्यांचे समभाग बाजारात आहेत त्यांना तर महत्त्वाचे व्यवहार वेळेवर जाहीर करण्याचे कायद्याचे बंधनच असते. लवकर सांगणे हा दोष नव्हे, हे दाखवणारी उदाहरणेही आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसी या फुटबॉल संघाचा ६५ टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा फुटबॉल संघटनांची मान्यता बाकी असल्याचे सोबत सांगितले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या टोरेंट समूहाने गुजरात टायटन्सचा ६७ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला, तोही क्रिकेट मंडळाच्या मान्यतेच्या अधीन राहूनच. व्यवहार पुढच्या महिन्यात पूर्ण झाला. फरक एका वाक्याचा आहे, पण त्या एका वाक्यात ऐकणाऱ्याचा मान राखला जातो. त्याला कळते की अजून दार उघडे आहे, आपण जपून पाऊल टाकावे.

आतापर्यंत आपण अट विसरणाऱ्याविषयी बोललो. त्याहून गंभीर गोष्ट अट मुद्दाम झाकणाऱ्याची आहे. कधी कधी घोषणा लवकर केली जाते ती बातमी देण्यासाठी नव्हे, तर ज्याची मान्यता हवी आहे त्याला कोंडीत पकडण्यासाठी. एकदा चार लोकांत सांगून टाकले की त्याला ‘नाही’ म्हणणे जड जावे, हा हेतू असतो. २०१२ च्या त्या मालकांच्या मनात काय होते ते देव जाणे. मी कोणाच्या मनाचा न्याय करू इच्छित नाही. परंतु आपल्या घरांत हे घडते, हे आपण सर्वजण जाणतो.

एखाद्या घरात मुलीसाठी स्थळ येते. वडीलधाऱ्यांची बोलणी होतात. मुलीला नीट विचारण्याआधीच मामा-मावशींना फोन जातात, साक्षगंधाची तारीख धरली जाते, सभागृहाची चौकशी होते. मग कोणीतरी तिला विचारते, ‘बेटा, तुला पसंत आहे ना?’ आता ती काय सांगणार? ‘नाही’ म्हटले तर बाबांची मान खाली जाईल, आईला बिरादरीत बोल लागेल. तिला प्रश्न विचारला गेला खरा, पण उत्तर देण्याचे स्वातंत्र्य आधीच काढून घेतले गेले. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. वधू-वरांच्या संमतीने विवाह होतो आणि ती संमती त्यांच्या वतीने जगातील दुसरी कोणतीही सत्ता देऊ शकत नाही. कायदेसंहितेचा १०५७ वा नियम हेच सांगतो. म्हणूनच विवाहाआधी धर्मगुरू मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून विचारतात. काही पालकांना ती केवळ कागदोपत्री बाब वाटते. वास्तविक त्या खोलीत मुलीला कदाचित पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलता येते.

आपल्या चर्चमध्ये विवाहाच्या घोषणा वाचल्या जातात त्याचाही अर्थ येथे लक्षात घ्यावा. त्या विवाहाच्या आधीच होतात. पण त्या वाचताना आपण ‘लग्न झाले’ असे म्हणत नाही. कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने कळवावे, असे आपण सांगतो. ही घोषणा हरकतीला जागा देते, आणि दुसरी, कोंडीत पकडणारी घोषणा हरकतीचे तोंड बंद करते. दोन्ही ‘आधी’ केलेल्या, पण दोन्हींचा आत्मा वेगळा.

याचा सर्वांत सुंदर नमुना आपल्याला नाझरेथ गावी दिसतो. तारणाची योजना साक्षात परमेश्वराची होती. त्याला कोणाच्या परवानगीची गरज होती? तरीही संत लूक आपल्याला सांगतात की गाब्रिएल दूत यरुशलेमच्या चौकात गेला नाही, राजवाड्यातही गेला नाही. तो एका वाग्दत्त मुलीच्या घरी गेला. जिची संमती हवी होती, तिलाच आधी सांगितले. तिने प्रश्न विचारला, त्याला रागावून गप्प केले नाही, उत्तर दिले. मग तिने होकार दिला आणि त्यानंतर दूत गेला. संत बर्नार्ड यांनी आपल्या प्रवचनात म्हटले आहे की त्या क्षणी सारी सृष्टी तिच्या उत्तराची वाट पाहत होती. ज्या देवाने सर्व काही निर्माण केले, त्याने एका खेड्यातील मुलीच्या ‘हो’साठी थांबणे पसंत केले. मग आपण कोण की दुसऱ्याचा होकार गृहीत धरावा?

धर्मगुरूही या नियमातून सुटलेले नाहीत. चर्चची मोठी स्थावर मालमत्ता विकायची तर ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार वरिष्ठांची परवानगी लागते. ती नसेल तर विक्री वैधच ठरत नाही. मालमत्ता साऱ्या श्रद्धावंतांची असते, म्हणून ही व्यवस्था आहे. त्यामुळे एखादा धर्मगुरू मैदानाचा तुकडा देण्याविषयी बोलू लागला, तर ‘फादर, बिशपांची मान्यता आली का?’ असे नम्रपणे विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे.

तेव्हा कोणतीही मोठी बातमी सांगण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारू या. ही गोष्ट देणे माझ्या एकट्याच्या हातात आहे काय? नसेल, तर ‘अजून अमुक बाकी आहे’ हे मी त्याच दमात सांगतो आहे काय? आणि ज्याचा होकार लागतो त्याला मी सर्वांत आधी, एकांतात आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवून विचारले आहे काय?

आपले वाडवडील बोलता बोलता ‘देवाची इच्छा असेल तर’ असे म्हणत. संत याकोब आपल्या पत्रात व्यापाऱ्यांना हेच बोलायला शिकवतात. उद्या अमुक शहरी जाऊ, नफा मिळवू, असे सांगणाऱ्यांना ते आठवण करून देतात की उद्याचा दिवस आपल्या हातात नाही. हे शब्द आपण सवयीने उच्चारतो. त्यांच्यामागे मोठे सत्य आहे: माझ्या शब्दाच्या वरही कोणाची तरी मान्यता असते, देवाची आणि ज्या माणसांना त्याने माझ्या बरोबरीने स्वातंत्र्य दिले आहे त्यांची. या आठवड्यात ज्यांच्या घरी सोयरिकीची, जमिनीची किंवा वाटणीची बोलणी चालू आहेत, त्यांनी कृपया घरातील सर्वांत गप्प व्यक्तीला एकदा बाजूला बसवून विचारावे आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबावे.

पवित्र मरिया, देवाची माता, आपणा सर्वांसाठी विनंती करो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू