आजचे चिंतन : हात थरथरला म्हणजे श्रद्धा कमी?

(गीता, अध्याय 1, श्लोक 29-30)

उद्या सकाळी बाबांची बायपास आहे. काल दवाखान्यात संमतीपत्रावर सही करताना माझा हात थरथरला. आई म्हणाली, "देवावर भरवसा नाही का रे तुझा?" रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

आजच्या श्लोकांत अर्जुन सांगतो की त्याचं अंग कापतंय, अंगावर काटा आलाय, गांडीव हातातून निसटतंय. सांगतो कुणाला? त्याच्याच रथावर बसलेल्या भगवंतांना. म्हणजे देव इतका जवळ असूनही हात कापतो.

मला युरी गागारिन आठवला. 12 एप्रिल 1961 ला अंतराळात गेलेला पहिला माणूस. त्याच वर्षी तो मुंबईलाही येऊन गेला. उड्डाणाआधी यानात बसलेला असताना त्याची नाडी 64 होती. रॉकेट सुटलं तेव्हा ती 150 च्या वर गेली. दोन दिवस आधी त्याने पत्नी वालेंतिनाला पत्र लिहून ठेवलं होतं. यानावर पूर्ण विश्वास आहे, असं त्यात आहे. पण सपाट जमिनीवरही माणूस पडू शकतो. मला काही झालंच तर मुलींना नीट वाढव, असंही आहे. धाकटी तेव्हा जेमतेम महिन्याची. ते पत्र वालेंतिनाला मिळालं 1968 मध्ये, तो विमान अपघातात गेल्यावर.

विश्वास आणि धास्ती, दोन्ही एकाच कागदावर.

आमच्या इंझोरीला बाबाही हेच करतात. पेरणीआधी तिफणीची पूजा करतात, नारळ फोडतात. तरी सोयाबीनची एक बॅग घरात राखून ठेवतात, पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीला. म्हणून त्यांची श्रद्धा कमी आहे असं कुणी कधी म्हटलं नाही.

सगळं चांगलंच होणार याची खात्री असती तर भरवशाची गरजच काय होती? पुढच्या अध्यायात भगवंत अर्जुनाला बोलतात खरं. पण मला वाटतं, ते अंग कापलं म्हणून नाही, धनुष्य टाकून बसला म्हणून.

माझी सही वाकडी आली, पण झाली. आज संध्याकाळी आईला हे वाचून दाखवणार आहे. उद्याच्या तुमच्या हरिपाठात बाबांची आठवण असू द्या.

राम कृष्ण हरी.