आधी मिळालेला नफा कोणाचा?

राजारामपुरीच्या एका गल्लीत (तेथील गल्ल्या आकड्यांनीच ओळखल्या जातात) गेल्या पावसाळ्यात आम्ही एका बंधूंच्या घरी प्रार्थनेस गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी दार लोटून घेतले. एका योजनेत त्यांनी लाख रुपये घातले होते. ते वर्षाच्या आत दुप्पट होऊन हाती आले. मग त्यांनी आपल्या मूळ गावच्या मंडळीतील सात घरांस त्यात गुंतविले. त्या सातांचे सर्व बुडाले. "पाळकसाहेब, मी खोटे बोललो नाही. मलाही ते खरेच वाटले होते. मग मला मिळालेला पैसा मी ठेवू नये काय?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्या पुष्कळ गावांत उभा आहे. इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांची योजना आपणांस ठाऊक असेल. पिले कंपनीने द्यावी, अंडी व पक्षी कंपनीनेच चढ्या भावाने परत घ्यावे, असा करार होता. 2019 साली खरेदी थांबली आणि सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील शेतकरी पोलिसांकडे तक्रारी घेऊन गेले. 2022 साली कोल्हापुरात ए. एस. ट्रेडर्स या कंपनीविरुद्धही गुन्हा नोंदला गेला. ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा महाराष्ट्रात 1999 पासून आहे. तरी लोक जातातच.

ही युक्ती जुनी आहे. 1920 साली अमेरिकेतील बोस्टन शहरी चार्ल्स पाँझी नावाच्या मनुष्याने 45 दिवसांत शेकडा 50 नफा कबूल केला. मागून येणाऱ्यांचे पैसे तो आधी आलेल्यांस देत असे. पेरणी नाही, राखण नाही, आणि मळणी मात्र होते!

कोणी म्हणतात, धन्याचे द्रव्य पुरून ठेवणाऱ्या दासास प्रभूनेच दोष दिला. तेव्हा पैसा वाढविणे हे कर्तव्यच. खरे आहे. पण त्या दृष्टांतातील दोघा दासांनी व्यापार केला, आणि तिसऱ्यास धन्याने सांगितले ते सावकाराकडील साध्या व्याजाचे. एका दासाची थैली दुसऱ्याच्या थैलीतून भरली, असे तेथे कोठेही नाही.

आम्ही त्या बंधूंस म्हणालो : तुमचा मूळ लाख तुमच्या घामाचा आहे, तो ठेवा. वरचा लाख कोणत्या धंद्यातून आला? धंदा तर नव्हताच. म्हणजे तो कोणाच्या तरी घरातून आला. कदाचित त्या सातांपैकीच कोणी बैल विकला असेल. आणि त्यांनी योजनेचे कागद पाहिले नाहीत, तुमचे तोंड पाहिले. कारण मंडळीत तुम्ही वडील आहात. जक्कयाकडे प्रभूने हिशेब मागितला नव्हता. त्याच्या घरी उतरावयाचे आहे, एवढेच तो म्हणाला होता. हिशेब जक्कयाने आपण होऊन काढला.

हे बोलताना आमची जीभ अडखळली, ते का हेही सांगितले पाहिजे. त्याच नफ्यातून या बंधूंनी आमच्या मंदिराच्या छपरास दहा हजार रुपये दिले होते, आणि आम्ही भर उपासनेत त्यांचे नाव घेऊन उपकारस्तुती केली होती. पैसा कोठून आला, हे आम्ही विचारले नाही. छप्पर गळत होते.

बंधूंनी त्या दिवशी उत्तर दिले नाही. दोन महिन्यांनी ते गावी जाऊन पहिल्या घरी वीस हजार ठेवून आले. बाईंनी ते घेताना त्यांच्याकडे पाहिले नाही, असे त्यांनी आम्हांस सांगितले. सहा घरे अजून राहिली आहेत. छपराच्या दहा हजारांचा विषय आम्ही येत्या पंच-सभेत मांडणार आहोत. पत्रे तर बसून गेले आहेत. तेव्हा रक्कम कोठून काढावयाची यावर वाद होईल, आणि तो आम्हांस ऐकून घ्यावा लागेल.